थायरॉइडची गोळी : सात वर्षं रोज घेतल्यावर लिहितोय

स्टार साडेचार. अर्धा का कापला ते पुढे लिहिलंय.

मी बेस्टमध्ये कंडक्टर आहे, राहायला सायनला प्रतीक्षा नगरमध्ये, वय ४८. लेव्होथायरॉक्सिनची गोळी २०१८ पासून रोज घेतोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण थायरोनॉर्म घ्या, एल्ट्रॉक्सिन घ्या नाहीतर थायरॉक्स घ्या, आत औषध तेच आहे आणि मला जे सांगायचंय ते बाटलीवरच्या नावाचं नाहीच, ती गोळी पोटात कशी जाते त्याचं आहे. लोकांचे रिव्ह्यू वाचतो ना, "सहा महिने घेतली काही फरक नाही", "डोस वाढवत वाढवत १५० वर गेलो तरी थकवा तसाच", आणि खाली एक स्टार, तेव्हा खरंच वाईट वाटतं, कारण मी पण काही महिने असंच बोलत होतो आणि चूक गोळीची नव्हती.

आधी कळलं कसं ते सांगतो. २०१७ च्या दिवाळीपासून अंग जड वाटायला लागलं. ड्युटी संपवून घरी आलो की बूट काढायची ताकद नसायची, पाय सुजलेले, तोंड सुजलेलं, आणि आवाज असा घोगरा झाला की "पुढे चला, पुढे चला" ओरडलो तर पॅसेंजर वळून बघायचे. मे महिन्यात घरात सगळे पंख्याखाली घामाघूम आणि मी चादर ओढून झोपलेला. पण सगळ्यात त्रास कशाचा झाला तर हिशोबाचा. वीस वर्षं सुट्टे पैसे हातात न बघता मोजलेत मी, आणि आता पन्नासच्या नोटेतून दहा वजा करायला थांबायला लागायचं. डेपोत कॅश भरताना कधी तीस कमी, कधी चाळीस कमी, खिशातून भरायचो आणि कोणाला सांगायचो नाही. मला वाटायला लागलं होतं डोक्यातच काहीतरी बिघडलंय.

पहिल्या डॉक्टरने रक्त तपासलं तर कोलेस्टेरॉल वाढलेलं, त्याची गोळी सुरू केली, तीन महिन्यात पाय आणखी दुखायला लागले. मग थायरॉइडची टेस्ट केली तेव्हा टीएसएच आला ६८. नॉर्मल साधारण ०.४ ते ४, म्हणजे माझा थायरॉइड फारच कमी चालत होता. थायरॉइड कमी असला की कोलेस्टेरॉल वाढतंच, आणि थायरॉइडचं न बघता कोलेस्टेरॉलची गोळी दिली तर स्नायू जास्त दुखू शकतात, हे मला नंतर कळलं. म्हणून कोणाचं कोलेस्टेरॉल अचानक वाढलं असेल तर डॉक्टरला एकदा विचारा की टीएसएच करू या का, शंभर वेळा सांगेन हे.

डेपोत सांगितलं तर एकजण म्हणाला अरे हा तर बायकांचा आजार. बायकांना पुरुषांपेक्षा कितीतरी पट जास्त होतो हे खरं, पण पुरुषांना होतो आणि त्यांचा उशिरा पकडला जातो कारण कोणाच्या डोक्यातच येत नाही. माझी अँटी-टीपीओची टेस्ट पॉझिटिव्ह आली, म्हणजे शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उठलेलं. याला हाशिमोटो म्हणतात, हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरने १९१२ मध्ये पहिल्यांदा लिहिलं. हा आजार काही जास्त खाल्ल्यापिल्ल्याने होत नाही आणि कोणाच्या नजरेनेही होत नाही, आमच्या आईला हे पटवायला वेळ लागला.

टीएसएच म्हणजे काय ते मला कळेना, आकडा जास्त तर हार्मोन कमी कसा? मग मी माझ्या पद्धतीने समजून घेतलं. थायरॉइड हा ड्रायव्हर आणि मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हा कंडक्टर. टीएसएच म्हणजे कंडक्टरने ओढलेली घंटी. ड्रायव्हर नीट चालवतोय तर कंडक्टर दोन घंट्या मारून गप्प बसतो. गाडी हलतच नसेल तर तो दोरी ओढतच राहतो, टिंगटिंग टिंगटिंग, म्हणजे टीएसएच ६८. आणि गाडी जास्तच वेगात निघाली तर तो दोरीला हात पण लावत नाही, म्हणजे टीएसएच शून्याच्या जवळ. रिपोर्ट वाचताना मी अजून असंच वाचतो, आमच्या बिल्डिंगमध्ये चार जणांना असंच समजावलंय.

आता गोळी. सुरुवात ५० मायक्रोग्रॅमने झाली. मायक्रोग्रॅम हं, मिलिग्रॅम नाही, मिलिग्रॅमचा हजारावा भाग, इतकुसं औषध आहे म्हणूनच एवढी बारीक काळजी. थायरॉइड पूर्णच बंद असेल तर वजनाच्या दर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम लागतं असा डॉक्टरांचा अंदाज असतो, माझं वजन तेव्हा ७६, म्हणजे १२० च्या आसपास, पण माझा थोडा थोडा चालू होता म्हणून पुढे १०० मध्ये भागलं. हा अंदाज आहे, हिशोब करून स्वतः गोळी वाढवू नका, माणसागणिक बदलतो.

पहिले पंधरा दिवस काहीच वाटलं नाही आणि मी वैतागलो. तर गोष्ट अशी की या औषधाचा निम्मा भाग शरीरातून जायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे रोज एक एक करून साठा तयार होत जातो आणि पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. म्हणून डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनीच टीएसएच करायचा. पंधराव्या दिवशी टेस्ट करून "अजून कमी नाही झालं" म्हणून घाबरू नका, तो आकडा अर्ध्या रस्त्यातला आहे. माझा ६८ चा ३१ झाला, मग ७५ केली, मग १००, आणि डिसेंबर २०१८ मध्ये टीएसएच ३.६. आवाज परत आला. सूज उतरली. कॅश बरोबर जुळायला लागली, त्या दिवशी मी घरी जाताना श्रीखंड घेऊन गेलो.

इथपर्यंत पाचला पाच स्टार.

मग पहिल्या पाळीचा सीझन लागला. पहाटे सव्वातीनला उठायचं, सव्वाचारला निघायचं, घाईत गोळी विसरायची, म्हणून मी बाटली बॅगेत टाकली आणि डेपोबाहेरच्या टपरीवर पावणेपाचला कटिंगबरोबर गोळी घ्यायला लागलो. बरोबर खारी. मला वाटलं सकाळीच तर घेतोय, रिकामं पोटच आहे. शिवाय पायात गोळे यायचे म्हणून कोणीतरी सांगितलं तशी कॅल्शियमची गोळी पण त्याच वेळी, एकदाच काय त्या सगळ्या गोळ्या संपवून टाकू. वर्षभर असं चाललं. २०१९ च्या शेवटी थकवा परत, टीएसएच ११. तेव्हाच्या डॉक्टरने कागदाकडे बघितलं, १०० खोडून १२५ लिहिलं, दोन मिनिटं पण लागली नाहीत. गोळी कधी घेता, कशाबरोबर घेता, एक शब्द विचारला नाही. मी पण सांगितलं नाही कारण मला माहीतच नव्हतं की हे सांगायचं असतं. १२५ वर पण टीएसएच साडेसहाच्या खाली येईना, आणि मी सगळ्यांना सांगत फिरायचो की ही गोळी आता लागू पडत नाही.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला. लोकल बंद, आम्ही मात्र रस्त्यावर, नर्स, सफाई कामगार, पोलीस यांना घेऊन. टपरी बंद. चहा कुठेच नाही. मग मी काय करायचो, घरीच उठल्या उठल्या पाण्याबरोबर गोळी घ्यायचो आणि चहा थेट ड्युटी संपवून घरी आल्यावर अकरा-बारा वाजता. कॅल्शियमची बाटली संपली ती आणायला पण कोण जाणार, राहून गेली. जुलै-ऑगस्टमध्ये छातीत धडधड सुरू झाली. हात थरथरायचे, तिकीट फाडताना पॅसेंजरला दिसायचं. रात्री झोप नाही, घाम, वजन आपोआप उतरतंय. त्या दिवसात आमच्या ओळखीतली माणसं जात होती, मला वाटलं आपला पण नंबर आला. बायकोने काही न बोलता पोरांना दुसऱ्या खोलीत झोपवायला सुरुवात केली.

कोविडची टेस्ट निगेटिव्ह. ईसीजीत फक्त ठोके जास्त. म्युनिसिपल हॉस्पिटलच्या ओपीडीत एक मॅडम डॉक्टर होत्या, वरून खालपर्यंत पीपीई, नुसते डोळे दिसत होते. त्यांनी टीएसएच करायला लावला, आला ०.०८. कंडक्टरने दोरी सोडून दिलेली. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो आधी कोणी विचारला नव्हता, गोळी कशी घेता? मी सांगितलं. मग दुसरा प्रश्न, आणि लॉकडाऊनच्या आधी कशी घ्यायचात? मी टपरी, कटिंग, खारी, कॅल्शियम सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमचा डोस कधीच कमी नव्हता. तुम्ही शंभरातलं बरंचसं चहाला आणि कॅल्शियमला देत होतात, म्हणून तो वाढवला गेला, आणि आता सगळंच्या सगळं अंगात जातंय."

परत १०० केली. आठ आठवड्यांनी टीएसएच १.९. आज पाच वर्षं झाली, १०० वरच आहे.

यासाठी एवढं लांबलचक लिहायला बसलोय. दुधाचा चहा, कॉफी, सोयाबीन, कॅल्शियम, लोहाची गोळी, अॅसिडिटीचं ते गुलाबी पातळ औषध, यातलं काहीही या गोळीबरोबर गेलं की गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही. चहा-नाश्ता गोळीनंतर कमीत कमी अर्धा तास, जमलं तर एक तास थांबून. कॅल्शियम आणि लोह चार तास लांब, माझ्या बायकोला हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि थायरॉइडची पण आहे, ती लोहाची दुपारी जेवणानंतर घेते. अॅसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी जी पॅन्टोप्राझोलसारखी गोळी देतात तिने पण पोटातलं आम्ल कमी होऊन थायरॉक्सिनची गरज वाढू शकते, ती चालू किंवा बंद केली तर डॉक्टरला सांगा. डोस वाढवायचा विषय निघाला की आधी स्वतःच सांगून टाका मी गोळी अशी अशी घेतो. डॉक्टरने विचारायची वाट बघू नका, ओपीडीत बाहेर दोनशे माणसं बसलेली असतात.

आणि उलटी बाजू पण लक्षात घ्या, आज हे वाचून कोणी उद्यापासून एकदम शिस्तीत गोळी घ्यायला लागेल आणि डोस मात्र वाढवलेला तसाच असेल तर माझ्यासारखं होईल. सवय बदललीत तरी सहा ते आठ आठवड्यांनी टेस्ट करायची, डोस बदलल्यासारखीच. जास्त डोस ही काही छोटी गोष्ट नाही, हृदयाचे ठोके अनियमित होतात, वय झालेल्यांची हाडं ठिसूळ होतात. आमच्यातल्या एका ड्रायव्हरने माझ्याकडे दोन-चार गोळ्या मागितल्या होत्या, कोणीतरी त्याला सांगितलं वजन झटकन उतरतं. मी दिल्या नाहीत, त्याला बाजूला घेऊन ते धडधडीचे दोन महिने सांगितले. थायरॉइड ठीक असलेल्या माणसाने ही गोळी वजनासाठी घेणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. आजारी माणसाचं वजन पण हिने फार उतरत नाही, माझं ७६ चं ७१ झालं त्यात बरंचसं अंगात साठलेलं पाणीच होतं. पोट कमी करायला चालावंच लागतं.

शिफ्टवाल्यांसाठी थोडं वेगळं लिहितो कारण डॉक्टर "सकाळी सहा वाजता घ्या" म्हणतात आणि आपली सकाळ दर आठवड्याला बदलते. मी घड्याळाची वेळ सोडून दिली. उठलो की गोळी, मग ते सव्वातीन असो नाहीतर आठ. बाटली गजराच्या घड्याळाशेजारी, पाण्याचा तांब्या तिथेच, गजर बंद करायला हात गेला की हाताला बाटली लागते. पहिल्या पाळीला सव्वातीनची गोळी आणि पावणेपाचची कटिंग, दीड तास मिळतो, चहा सोडावा लागला नाही. आमच्या मजल्यावरचे एक काका रात्री झोपताना घेतात, जेवण साडेसातला आणि गोळी अकराला, तेही चालतं, शेवटच्या जेवणानंतर तीन तास तरी गेलेले पाहिजेत. मला ते जमलं नाही, दुसऱ्या पाळीला जेवायलाच साडेबारा वाजतात. विसरलो तर? त्याच दिवशी आठवेल तेव्हा पोट रिकामं बघून घेतो. दिवस पूर्णच गेला तर दुसऱ्या दिवशी दोन घेतल्या तरी चालेल असं मला मॅडमनी सांगितलंय कारण औषध अंगात आठवडाभर टिकतं, पण आईला तसं करायला सक्त मनाई आहे, तिला स्टेंट बसवलाय. तुमच्या डॉक्टरला विचारून ठेवा आधीच.

आईवरून अर्ध्या स्टारचा विषय. जानेवारी २०२० मध्ये आईची पण गोळी सुरू झाली, तेव्हा वय ६९. म्हातारं माणूस आणि हृदयाचं दुखणं असेल तर एकदम जास्त डोस देत नाहीत, हृदयावर ताण येतो, म्हणून तिला १२.५. आणि माझी तेव्हा १२५. पुढच्या महिन्यात दोन्ही बाटल्या संपल्या, मी ड्युटीवरून येताना एका मेडिकलातून दोन्ही घेतल्या, चिठ्ठी दाखवली, पैसे दिले, घरी आलो. बायकोने रात्री बाटल्या जागेवर ठेवताना वाचलं तर दोन्ही १२५. मधला टिंब कोणाला दिसलाच नव्हता. दहापट डोस, स्टेंट बसवलेल्या बाईला. तिने वाचलं नसतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी आईने ती घेतली असती, आणि रोज घेत राहिली असती. मी त्या रात्री झोपलो नाही. दुकानदाराची चूक आहेच, पण बाटल्या पण एकसारख्या, झाकणं एकसारखी, आकडा मुंगीएवढा, आणि मराठीत एक अक्षर नाही. ज्या औषधात १२ मायक्रोग्रॅमचा फरक अंगाला कळतो त्याच्या बाटलीवर आकडा लांबून वाचता आला पाहिजे, म्हणून अर्धा स्टार कापलाय. आमच्याकडे आता आईच्या बाटलीला लाल दोरा बांधलाय, माझी बिनदोऱ्याची, आणि दुकानातच आकडा मोठ्याने वाचून घेतो, मागचे लोक बघतात तर बघू देत. तिची पुढे २५ झाली, टीएसएच ५ च्या आसपास असतो आणि तिच्या वयाला तो चालतो असं मॅडम म्हणाल्या, माझ्यासारखा २ वर आणायच्या मागे लागायचं नाही.

बाकी बाटलीबद्दल सांगायचं तर चांगली आहे. अर्ध्या गोळ्या तोडत बसावं लागत नाही, २५, ५०, ७५, ८८, १००, ११२, १२५ अशा बारीक पायऱ्या मिळतात. खर्च म्हणाल तर रोजचा एका कटिंगपेक्षा कमी, एवढ्या पैशात आख्खा माणूस परत उभा राहतो. मात्र हे औषध ऊन, ओल आणि उजेडाने खराब होतं आणि मुंबईचा पावसाळा म्हणजे मीठ सुद्धा बरणीत वितळतं. आधी आमची बाटली स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर असायची, भाताची वाफ थेट तिथे. आता आतल्या खोलीत. आत जी छोटी पुडी असते ओल शोषायची ती फेकू नका, झाकण घट्ट लावा, आणि त्या सात दिवसांच्या डबीत महिनाभराच्या गोळ्या काढून ठेवू नका. बॅगेत घेऊन फिरणं तर मी बंदच केलं, एप्रिलमध्ये गाडीच्या बॉनेटजवळ बॅग किती तापते ते कंडक्टर-ड्रायव्हरला विचारा.

कंपनी शक्यतो एकच ठेवा. मेडिकलवाला "हीच आहे, दुसऱ्या कंपनीची" म्हणाला तर घ्यायला हरकत नाही पण सहा आठवड्यांनी टीएसएच बघा, कारण अंगात किती जातं त्यात थोडा फरक पडू शकतो.

टेस्टचं. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळेला द्यायचा, मी रजेच्या दिवशी सकाळी सातला घरी येऊन रक्त नेणाऱ्या माणसाला बोलावतो. त्या दिवशी रक्त दिल्यावर गोळी घ्यायची, आधी नाही, नाहीतर फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातला थायरॉइडचा हार्मोन, चढलेला दिसतो. आणि माझ्या वहिनीची गंमत नव्हे, पंचाईत झाली ती सांगतो, केस गळतात म्हणून ती बायोटिनच्या गोड गोळ्या खात होती, टीएसएच एकदम खाली दिसला, डॉक्टर डोस कमी करणार होते. बायोटिनमुळे काही लॅबच्या मशीनला खोटा आकडा दिसतो. तीन दिवस बंद करून परत टेस्ट केली, नॉर्मल. केसांच्या गोळ्या लोकांना औषध वाटतच नाहीत म्हणून सांगत नाहीत.

बाईला दिवस राहिले आणि ती ही गोळी घेत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, कळलं त्या दिवशी डॉक्टरला फोन. डोस साधारण पाव ते एक तृतीयांश वाढवावा लागतो, कारण पहिले काही महिने बाळ आईच्याच हार्मोनवर असतं. माझ्या मामेबहिणीला तिच्या सासरी सांगितलं होतं की गरोदरपणात सगळ्या गोळ्या बंद करायच्या. तिने मला विचारलं म्हणून बरं झालं. ही बंद करायची नाही.

खाण्यापिण्याचं फार मनावर घेऊ नका. कोबी-फ्लॉवर सोडा असं सगळे सांगतात, शिजवून खाल्लेल्या कोबीने गोळी घेणाऱ्याचं काही बिघडत नाही, मी कोबीचं भानोळं पण खातो. मीठ आयोडीनवालं असतंच, वरून आयोडीनची औषधं घेऊ नका, हाशिमोटोत त्याने उलट बिघडू शकतं. बोंबील, बांगडा चालू आहे. उपवासाला गोळी चालते का हा प्रश्न आईचा, हरतालिकेला ती पाणी पण पीत नाही. डॉक्टर मॅडमनी तिला समजावलं की घोटभर पाण्याने गोळी घेतली म्हणून उपास मोडत नाही, अंगात जे कमी आहे तेच आपण परत घालतोय. आईला ते पटलं. मी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

आयुष्यभर घ्यावी लागणार का, हे पण खूप जण विचारतात आणि बंद करायचे उपाय शोधतात. हाशिमोटोत ग्रंथी हळूहळू झिजते, बहुतेकांना कायमची लागते. टीएसएच नुसता ५-६ असेल आणि टी-फोर ठीक असेल तर डॉक्टर पुष्कळदा थांबून परत तपासतात, अशा पेशंटने घाई करून गोळी सुरू करू नये, पण माझ्यासारखा ६८ असेल तर तो प्रश्नच नाही. एक गोष्ट वाचली होती ती मला आवडते. १८९१ मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला, तिची अवस्था माझ्यापेक्षा कितीतरी वाईट होती. ती पुढे २८ वर्षं जगली. तिच्यासाठी किती मेंढ्या लागल्या असतील, आणि मला फक्त गजराकडे हात न्यायचा असतो. मला पहिल्या महिन्यात कायमची गोळी म्हणून रडू आलं होतं हे खरं आहे, आता नाही येत.

आता वर्षातून एकदाच टेस्ट असते. या वर्षीची गणपतीत येत होती, पण त्या दहा दिवसांत रात्रभर जादा गाड्या असतात, लालबागहून येणाऱ्या गर्दीत झोप आणि जेवण दोन्ही उलटंपालटं, गोळी पण दोन-तीनदा मागेपुढे होते. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या विसर्जन होऊ दे, मग दीड महिना नीट घे आणि तेव्हा रक्त दे. म्हणजे दिवाळीच्या आसपास. तोपर्यंत बाटली गजराशेजारी आणि तांब्या भरलेला.